अहमेत दावुतोग्लू : निवडणूक जिंकूनही पंतप्रधानपद का गेले?

विचारलेला प्रश्न असा आहे की, नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या न्याय आणि विकास पक्षाला ४९.५ टक्के मते मिळवून देणारे तुर्कस्तानचे पंतप्रधान अहमेत दावुतोग्लू यांना अवघ्या सहा महिन्यांत पायउतार का व्हावे लागले, आणि प्राध्यापकी पिंडाच्या माणसाला सत्तेचे राजकारण पेलत नाही असा निष्कर्ष त्यातून काढावा काय. पश्चिम आशियाचे राजकारण शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनही वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते : पुस्तकी माणूस होता, पडला. मला हे उत्तर पटत नाही. दावुतोग्लूंचे पद गेले ते निवडणुकीच्या मैदानात नव्हे, पक्षाच्या आतल्या एका यादीत. आणि ती यादी निवडणूक जिंकण्याच्या सात आठवडे आधीच तयार झाली होती.

मुळात तुर्कस्तानात प्राध्यापकाने पंतप्रधान होणे ही नवलाची गोष्ट नाही. इतिहासाचे अभ्यासक शेमसेत्तिन ग्युनालताय १९४९ मध्ये, कायद्याचे प्राध्यापक निहात एरिम १९७१ मध्ये, वैद्यकशास्त्राचे सादी इर्माक १९७४ मध्ये, अर्थशास्त्राच्या प्राध्यापक तान्सू चिलर १९९३ मध्ये आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक नेजमेत्तिन एर्बाकान १९९६ मध्ये त्या पदावर आले. यांपैकी एरिम आले ते लष्कराने आधीच्या सरकारला इशारा देऊन घालवल्यामुळे. एर्बाकान गेले ते लष्कराच्या दबावामुळे. चिलर यांचा घात आघाडीच्या गणिताने केला. प्रत्येकाच्या येण्याजाण्याची कारणे इतकी निराळी आहेत की, विद्यापीठातली पूर्वायुष्याची वर्षे हे त्यांचे समान कारण मानता येत नाही.

दावुतोग्लूंचा जन्म १९५९ मध्ये कोन्या प्रांतातल्या, तोरोस पर्वतरांगांत वसलेल्या ताशकेंत या छोट्या गावी झाला. शिक्षण मात्र इस्तंबूलमध्ये, जर्मन माध्यमाच्या एका जुन्या नामांकित सरकारी शाळेत आणि नंतर इंग्रजी माध्यमाच्या बोआझिची विद्यापीठात झाले. तेथे अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र असे दोन्ही विषय घेऊन त्यांनी पदवी मिळवली, आणि पुढे पाश्चात्त्य व इस्लामी राजकीय विचारांची तुलना हा त्यांच्या संशोधनाचा विषय राहिला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते मलेशियातील आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठात शिकवत होते आणि तेथील राज्यशास्त्र विभागाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. परतल्यावर मार्मारा आणि बेयकेंत या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. इस्तंबूलमधल्या विज्ञान आणि कला प्रतिष्ठानाच्या वर्गांमधून त्यांच्याभोवती शिष्यांचे एक वर्तुळ जमले होते. २००१ मध्ये त्यांचा ‘स्त्रातेजिक देरिन्लिक’, म्हणजे सामरिक खोली, हा ग्रंथ आला. तुर्कस्तानने स्वतःला पूर्व आणि पश्चिम यांमधला नुसता पूल समजू नये, उस्मानी इतिहास आणि भूगोल यांच्या बळावर स्वतः एक केंद्र व्हावे, हा त्याचा गाभा. कित्येक आवृत्त्या निघालेल्या या जाडजूड ग्रंथाने त्यांना अंकाऱ्याच्या सत्तावर्तुळात नाव मिळवून दिले.

न्याय आणि विकास पक्ष नोव्हेंबर २००२ मध्ये सत्तेवर आला तेव्हा पंतप्रधान अब्दुल्ला गुल यांनी त्यांना सल्लागार म्हणून घेतले आणि त्यांना राजदूताचा दर्जा मिळाला. गुल यांच्यानंतर रेजेप तय्यिप एर्दोगन पंतप्रधान झाले तरी दावुतोग्लू त्याच जागी राहिले. १ मे २००९ रोजी ते परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा ते संसदेचे सदस्यही नव्हते. कोन्यातून निवडून आले ते जून २०११ मध्ये. म्हणजे प्रांताप्रांतांतून कार्यकर्ते जोडत, तिकिटे वाटत, मोहरे बसवत वर येण्याची जी वाट एर्दोगन यांनी इस्तंबूलच्या पालिकेपासून चालली होती, ती दावुतोग्लूंच्या वाट्याला आलीच नाही. त्यांना पक्षात मान होता. पण अडचणीच्या वेळी त्यांच्यासाठी उभे राहतील असे जिल्हाध्यक्ष नव्हते. पुढचे सारे समजून घेताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

त्यांच्या परराष्ट्रधोरणावर फार लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे मी मोजकेच मांडतो. ‘शेजाऱ्यांशी शून्य तंटे’ ही त्यांची घोषणा आज चेष्टेचा विषय झाली असली तरी २००९ आणि २०१० मध्ये ती पोकळ वाटत नव्हती. ऑक्टोबर २००९ मध्ये झुरिक येथे आर्मेनियाशी संबंध प्रस्थापित करण्याच्या करारांवर सह्या झाल्या. सीरियाशी व्हिसाविना प्रवास सुरू झाला. मे २०१० मध्ये ब्राझीलला सोबत घेऊन तुर्कस्तानने इराणकडून १,२०० किलो अल्प-संवर्धित युरेनियम देशाबाहेर ठेवण्याची तयारी वदवून घेतली. परंतु झुरिकचे करार दोन्हीकडच्या संसदांनी कधीच मंजूर केले नाहीत आणि इराणचा तोडगा अमेरिकेने बाजूला सारला. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेत निर्बंधांच्या ठरावाविरुद्ध मत देणारे तुर्कस्तान आणि ब्राझील हे दोनच देश होते. सर्वांत मोठा फटका सीरियात बसला. ९ ऑगस्ट २०११ रोजी दावुतोग्लू दमास्कसमध्ये बशर अल-असद यांच्यासमोर सहा तासांहून अधिक काळ बसले होते. आंदोलकांवरील दडपशाही थांबवा असे समजावण्याचा हा शेवटचा प्रयत्न फसल्यावर तुर्कस्तान असद यांच्या विरोधकांच्या बाजूने पूर्णपणे उतरला, आणि राजवट काही महिन्यांत कोसळेल हा अंदाज साफ चुकला. इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे २०१३ च्या लष्करी उठावानंतर कैरोचेही दार बंद झाले. जून २०१४ मध्ये मोसूलच्या तुर्की वकिलातीतले ४९ जण ‘इसिस’च्या ताब्यात सापडले आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ओलीस राहिले.

या अपयशाचे सारे खापर एकट्या दावुतोग्लूंवर फोडण्याची नंतर पद्धतच पडली. ती सोयीची आहे, न्याय्य नाही. सीरिया आणि इजिप्तविषयीचा प्रत्येक मोठा निर्णय एर्दोगन यांच्या संमतीने, कित्येकदा त्यांच्याच आग्रहाने झाला होता. शिवाय या धोरणामुळे दावुतोग्लूंचे पद गेले असते तर ते २०१४ मध्ये गेले असते. त्या वर्षी तर त्यांना बढती मिळाली.

ती बढती कशी मिळाली हे नीट पाहण्यासारखे आहे. १० ऑगस्ट २०१४ रोजी एर्दोगन थेट जनमताने निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाने पक्षाशी संबंध तोडायचे होते, म्हणून पक्षाला नवा अध्यक्ष आणि देशाला नवा पंतप्रधान हवा होता. मावळते राष्ट्राध्यक्ष गुल यांनी आपण पक्षात परतणार असे जाहीरपणे सांगितले होते, आणि ते परतले असते तर स्वतःचा पाया असलेला माणूस पंतप्रधानपदी आला असता. गुल यांची मुदत २८ ऑगस्टला संपत होती. पक्षाचे विशेष अधिवेशन २७ ऑगस्टला ठेवण्यात आले. एका दिवसाच्या फरकाने गुल शर्यतीबाहेर राहिले आणि दावुतोग्लू बिनविरोध पक्षाध्यक्ष झाले. त्यांची निवड त्यांच्या विद्वत्तेमुळे झाली असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये. निष्ठावान, मेहनती, परदेशात वजन असलेला आणि पक्षात स्वतःचा गट नसलेला माणूस एर्दोगन यांना हवा होता.

भारतीय वाचकाची येथे गफलत होऊ शकते, कारण आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यातला अधिकार कोणाकडे, याबद्दल शंका नसते. तुर्कस्तानची १९८२ ची राज्यघटनाही मंत्रिमंडळाची जबाबदारी पंतप्रधानाकडेच देत होती. मात्र २००७ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येऊ लागला, आणि गरज वाटल्यास मंत्रिमंडळाची बैठक आपल्या अध्यक्षतेखाली बोलावण्याचा अधिकार घटनेने त्याला आधीपासूनच दिलेला होता. तोवर क्वचित वापरलेला हा अधिकार एर्दोगन यांनी जानेवारी २०१५ पासून उघडपणे वापरला. अंकाऱ्यातल्या बेशतेपे टेकडीवर एक हजाराहून अधिक दालनांची जी अवाढव्य वास्तू उभी राहिली, ती आधी पंतप्रधानांच्या कार्यालयासाठी म्हणून बांधायला घेतली होती. एर्दोगन राष्ट्राध्यक्ष होताच तीच राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद झाली, आणि अतातुर्क यांच्या काळापासून राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला चान्काया महाल पंतप्रधानांच्या वाट्याला आला. दावुतोग्लूंना इतिहासाची जाण होती, तेव्हा या अदलाबदलीचा अर्थ त्यांना कळला नसेल असे मानणे कठीण आहे.

पहिल्या सात महिन्यांत चार ठिकाणी खटके उडाले. जानेवारी २०१५ मध्ये दावुतोग्लूंनी राजकीय पक्षांचे पदाधिकारी आणि त्यांची मालमत्ता यांबाबत पारदर्शकतेचे विधेयक जाहीर केले. एर्दोगन सरकारमधल्या मंत्र्यांपर्यंत पोहोचलेल्या डिसेंबर २०१३ च्या भ्रष्टाचार प्रकरणांची धग अजून विझली नव्हती, आणि एर्दोगन यांच्या नापसंतीनंतर ते गुंडाळून ठेवावे लागले. फेब्रुवारीत गुप्तचर प्रमुख हकान फिदान यांनी दावुतोग्लूंच्या संमतीने राजीनामा देऊन लोकसभेची, म्हणजे तेथील राष्ट्रीय सभेची, निवडणूक लढवायचे ठरवले. एर्दोगन यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि फिदान महिन्याभरात माघार घेऊन जुन्या खुर्चीत परतले. पंतप्रधानाला आपल्या विश्वासातला एक माणूसही स्वतःच्या मर्जीने उमेदवार करता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या अंकाऱ्याला दिसले. २८ फेब्रुवारीला दोल्माबाहचे राजवाड्यात सरकारचे प्रतिनिधी आणि कुर्दांचा पाठिंबा असलेल्या पक्षाचे नेते यांनी कुर्द बंडखोरांबरोबरच्या शांतता प्रक्रियेचा संयुक्त कार्यक्रम वाचून दाखवला. काही आठवड्यांत एर्दोगन यांनी तो आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले. चौथा मुद्दा एर्दोगन यांना हव्या असलेल्या अध्यक्षीय पद्धतीचा. दावुतोग्लूंनी तिला विरोध केला नाही, जाहीरनाम्यातही ती घातली; पण प्रचारात तिच्याविषयी बोलताना त्यांच्या आवाजात जोर नसे, आणि जी व्यवस्था आली की आपलेच पद नाहीसे होणार तिचा प्रचार हिरिरीने कोण करील?

७ जून २०१५ च्या निवडणुकीत पक्षाची मते ४०.९ टक्क्यांवर आली, ५५० पैकी २५८ जागा मिळाल्या आणि २००२ नंतर प्रथमच बहुमत गेले. कुर्दांच्या पाठिंब्याचा पक्ष १३ टक्के मते घेऊन ८० जागांसह सभागृहात आला. मुख्य विरोधी असलेल्या प्रजासत्ताक लोकपक्षाचे नेते कमाल किलिचदारोग्लू यांच्याशी आघाडीची बोलणी कित्येक आठवडे चालली आणि ऑगस्टच्या मध्याला फिसकटली; म्हणून १ नोव्हेंबरला पुन्हा निवडणूक ठरली. आघाडी व्हावी असे दावुतोग्लूंना मनापासून वाटत होते, असे मानायला जागा आहे, कारण आघाडीच्या पंतप्रधानाला घटनेने दिलेले अधिकार खरोखर वापरता आले असते. नेमक्या याच कारणासाठी बेशतेपेला, म्हणजे एर्दोगन यांना, ती नको होती. दरम्यान जुलैत सुरुच येथे आत्मघाती स्फोटात ३३ जण मारले गेले, कुर्दिस्तान कामगार पक्ष या सशस्त्र कुर्द संघटनेशी असलेली शस्त्रसंधी मोडली, आणि १० ऑक्टोबरला अंकाऱ्याच्या रेल्वे स्थानकाबाहेर शांततेच्या मोर्च्यात झालेल्या स्फोटांत शंभराहून अधिक लोकांचा बळी गेला. त्याच महिन्यात व्हानच्या सभेत दावुतोग्लूंनी बजावले की, आपला पक्ष गेला तर ‘पांढऱ्या तोरोस’ परत येतील. नव्वदच्या दशकात ज्या पांढऱ्या मोटारींतून कुर्द माणसे उचलली जात आणि पुन्हा दिसत नसत, त्यांचा हा उल्लेख होता. तुर्की राजकारणात इतके बोचरे वाक्य एका सौम्य प्राध्यापकाच्या तोंडून यावे, यात मला त्या काळाचे स्वरूप दिसते.

आता त्या यादीकडे येतो. १२ सप्टेंबर २०१५ रोजी, दोन निवडणुकांच्या मधल्या काळात, पक्षाचे नियमित अधिवेशन झाले. पन्नास सदस्यांचे केंद्रीय निर्णय आणि कार्यकारी मंडळ त्यात निवडायचे होते. आपल्या मनाची यादी मान्य झाली नाही तर एर्दोगन यांचे जुने सहकारी बिनाली यिल्दिरिम अध्यक्षपदासाठी उभे राहतील, त्यासाठी प्रतिनिधींच्या सह्याही जमवल्या जात आहेत, अशा बातम्या त्या आठवड्यात पसरल्या. दावुतोग्लू बिनविरोध अध्यक्ष झाले, पण मंडळ एर्दोगन यांच्या माणसांनी भरले. १ नोव्हेंबरला ४९.५ टक्के मते आणि ३१७ जागा मिळाल्या तेव्हा विजयाच्या भाषणासाठी कोन्यातल्या आणि अंकाऱ्यातल्या गर्दीपुढे दावुतोग्लू उभे होते. पक्षाची नाडी मात्र त्यांच्या हातात उरलेली नव्हती. उलट या विजयाने त्यांची जागा अधिकच अवघड केली. पराभूत पंतप्रधान बदलता येतो तितकाच दुर्लक्षिताही येतो. निम्म्या मतांचा धनी असलेला पंतप्रधान चार वर्षे राहिला तर तो हळूहळू दुसरे सत्ताकेंद्र होतो.

तसे होण्याची चिन्हे युरोपात दिसू लागली होती. २४ नोव्हेंबरला तुर्की विमानांनी रशियाचे सुखोई पाडले तेव्हा आदेश आपणच दिला असे दावुतोग्लूंनी सांगितले होते. निर्वासितांच्या प्रश्नावर ते ब्रुसेल्समध्ये अँगेला मर्केल यांच्याशी रात्री जागवून वाटाघाटी करत होते, आणि १८ मार्च २०१६ च्या करारातून तीन अधिक तीन अब्ज युरोंचे साहाय्य आणि तुर्की नागरिकांना व्हिसाविना प्रवासाचे आश्वासन त्यांनी मिळवले. युरोपीय नेते अंकाऱ्याशी बोलायचे म्हणजे पंतप्रधानांशी बोलायचे असे वागू लागले, आणि बेशतेपेच्या नजरेतून हे सुटले नाही.

अखेरचा आठवडा असा गेला. २९ एप्रिल २०१६ रोजी त्याच कार्यकारी मंडळाने प्रांत आणि जिल्हा अध्यक्ष नेमण्याचा पक्षाध्यक्षाचा अधिकार काढून स्वतःकडे घेतला. १ मे रोजी इंटरनेटवर ‘पेलिकन फाइल’ या नावाने एक निनावी लेख प्रकट झाला. त्यात ‘रेइस’, म्हणजे एर्दोगन, यांच्याशी ‘होजा’, म्हणजे दावुतोग्लू, यांनी कोठे कोठे दगा केला याचे मुद्दे एकापाठोपाठ एक मांडले होते : अध्यक्षीय पद्धतीविषयीची ढिलाई, पाश्चात्त्यांशी जवळीक, पत्रकार आणि प्राध्यापकांना खटल्याआधी कोठडीत ठेवण्याबाबतची नाखुषी. ४ मे रोजी युरोपीय आयोगाने तुर्की नागरिकांना व्हिसातून सूट देण्याची शिफारस केली. पंतप्रधानाच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा राजनैतिक विजय ठरू शकला असता; त्याच संध्याकाळी दावुतोग्लू प्रासादात गेले आणि सुमारे दीड तासाने बाहेर आले. ५ मे रोजी त्यांनी सांगितले की आपण पक्षाध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहणार नाही, चार वर्षांची मुदत अपुरी सोडणे ही आपली निवड नसून अपरिहार्यता आहे, आणि राष्ट्राध्यक्षांविरुद्ध आपल्या तोंडून एक शब्दही निघणार नाही. ६ मे रोजी एर्दोगन यांनी युरोपला जाहीरपणे सुनावले की व्हिसाच्या सुटीची अट म्हणून दहशतवादविरोधी कायदा आम्ही बदलणार नाही, तुम्ही तुमच्या वाटेने जा. व्हिसाची सूट तेथेच अडकली ती आजतागायत. २२ मे रोजी यिल्दिरिम पक्षाध्यक्ष झाले आणि पुढे पंतप्रधान. त्यांच्यानंतर २०१८ मध्ये ते पदच रद्द झाले.

म्हणून विद्वत्तेमुळे ते पडले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या अभ्यासकपणाचे दोष होते, पण ते दुसरीकडे दिसतात. आराखडा सुसंगत असला की वास्तव त्याच्यामागे येईल, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि सीरियात तिची किंमत फार मोठी ठरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये दियारबाकिर या कुर्दबहुल शहराच्या सूर भागात संचारबंदीत लढाई चालू असताना, आपण सूरला स्पेनमधल्या तोलेदोसारखे उभारू असे ते म्हणाले. ज्यांची घरे ढिगाऱ्यात जात होती त्यांना हे कसे ऐकू आले असेल याचा विचार त्या वाक्यात नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये कुर्द शहरांतील कारवाईविरुद्ध निवेदन काढणाऱ्या १,१२८ प्राध्यापकांवर चौकश्या आणि बडतर्फी ओढवली तेव्हा पंतप्रधान स्वतः प्राध्यापक होते. खटल्याआधी कोठडी नको, एवढ्यापलीकडे त्यांनी त्यांची बाजू घेतली नाही. राजकारणी म्हणून हे समजण्यासारखे असेल. मला ते माफ करता येत नाही.

मौनाचे आश्वासन त्यांनी जवळजवळ तीन वर्षे पाळले. एप्रिल २०१९ मध्ये, पक्षाने अंकारा आणि इस्तंबूल गमावल्यानंतर, त्यांनी पक्षाच्या वाटचालीवर टीका करणारे दीर्घ निवेदन प्रसिद्ध केले. ऑगस्टमध्ये साकार्या येथे ते म्हणाले की, जून ते नोव्हेंबर २०१५ या काळातली दहशतवादविरोधी लढ्याची वही उघडली तर अनेकांना लोकांना तोंड दाखवता येणार नाही. पण त्या महिन्यांत पंतप्रधान तेच होते आणि ती वही त्यांनी आजवर पूर्णपणे उघडलेली नाही. पक्षातून काढण्याची कारवाई सुरू होताच १३ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ‘गेलेजेक’, म्हणजे भविष्य, पक्ष स्थापन केला. त्यांच्या प्रतिष्ठानाने उभारलेल्या इस्तंबूल शेहिर विद्यापीठाची खाती सरकारी मालकीच्या हाल्कबँकेच्या कर्जावरून त्याच सुमारास गोठवली गेली, आणि जून २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने ते विद्यापीठ बंद झाले.

नव्या पक्षाला स्वतःच्या बळावर मतदार मिळाले नाहीत. मे २०२३ मध्ये त्याचे उमेदवार किलिचदारोग्लूंच्या पक्षाच्या यादीतून उभे राहिले आणि दहा जण निवडून आले. ज्यांच्याशी २०१५ मध्ये आघाडी करता आली नाही त्यांच्याच चिन्हावर. त्यानंतर सादेत पक्षासोबत आणि २०२५ च्या आरंभी अली बाबाजान यांच्या देवा पक्षालाही घेऊन ‘येनी योल’ हा संसदीय गट त्यांनी बनवला, तो मुख्यतः सभागृहात गट म्हणून मान्यता टिकवण्यासाठी. दावुतोग्लूंचे भाषण ऐकायला आजही लोक येतात. जिल्हाध्यक्ष अजूनही दुसऱ्यांकडेच आहेत.